मदत हवी आहे: व्हायरलमध्ये मेलाटोनिन किती घ्यावं?

अर्धीझोप: जरा लवकर सांगा. व्हायरल आहे, चौथा दिवस. खोकल्याने रात्र रात्र झोप नाही. झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनचा व्हायरसवरही उपयोग होतो असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. घरात ३ मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत. एक पुरेल की १० पर्यंत जायचं? 'डॉक्टरांना विचारा' हे मलाही कळतं, तेवढं लिहू नका.

गोळीबंद: कोणाला द्यायचंय? वय? बाकी काय चालू आहे? फ्लू की कोविड, टेस्ट केली का?

पहाटतारा: बिनधास्त घ्या. मला कोविड झाला तेव्हा रोज ५ घेतलं, पाचव्या दिवशी ठणठणीत. २०२० मध्ये ट्रम्पना कोविड झाला तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलेल्या यादीतही झिंक, ड जीवनसत्त्व यांच्या जोडीला मेलाटोनिन होतं.

तिरकस: त्याच यादीत अँटिबॉडीचा डोसही होता, तो बरा गाळलात. आणि पाचव्या दिवशी माझा ताप काहीही न घेता उतरला होता. श्रेय कोणाला देऊ, उशीला?

पहाटतारा: थट्टा करण्याआधी क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास वाचा. धोका २८ टक्के कमी!

गोळीबंद: वाचलाय. तो रुग्णांच्या नोंदींवरून काढलेला आकडा आहे. मेलाटोनिन घेणाऱ्यांची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता कमी दिसली, एवढंच. आजारी पडल्यावर गोळी घेतली आणि बरे झाले, असं त्यात कुठेही नाही. मेलाटोनिन दाह आवरतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, म्हणून लोकांना आशा वाटते. पण माणसांवरच्या चाचण्या लहान लहान. त्यावरून उपचार ठरवता येत नाही. धागाकर्ते, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

उडता_गालिचा: जेटलॅगला उत्तम आहे. पूर्वेकडे जाताना जास्त फायदा होतो. पोचल्यावर तिथल्या झोपेच्या वेळेला घ्यायची.

अर्धीझोप: इथे कोण प्रवासाला निघालंय? कोविड निगेटिव्ह. वय ७१. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पण त्या नेहमीच्याच. त्यांचा काय संबंध?

गोळीबंद: सगळा संबंध तिथेच आहे! रक्त पातळ करायची म्हणजे वॉरफरिन का? पट्टी बघून नाव टाका. ती आणि मेलाटोनिन एकत्र घेतल्यावर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि खोकल्याचं औषध कुठलं? गुंगी आणणारं असेल तर वर मेलाटोनिन घेऊन या वयात रात्री बाथरूमला उठताना तोल जायचा. ऑक्सिजन किती आहे?

शांत_निद्रा: गोळीपेक्षा गमी (चघळायची जेलीसारखी गोळी) सौम्य असते हो. आमच्याकडे सगळे गमीच घेतात.

तिरकस: २०२३ साली अमेरिकेत २५ प्रकारच्या गमी तपासल्या होत्या. २२ वर लिहिलेलं प्रमाण चुकीचं निघालं, एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. तीच तुमची सौम्य असणार.

दिवामालवा: मुळात बाहेरून घ्यायचंच कशाला? अंधार पडला की मेंदूतली पीनियल ग्रंथी स्वतः मेलाटोनिन बनवते, उजेडाने ते दबतं. झोपण्याआधी दोन तास मोबाइल बंद. मी सहा महिने करतोय.

तिरकस: माणूस खोकल्याने जागा आहे, मोबाइलने नाही.

अर्धीझोप: वॉरफरिनच आहे. वडिलांसाठी विचारतोय, लिहायचं राहिलं. काल रात्री एक देऊन झाली आहे. ऑक्सिजन आत्ता मोजला, ९३. एरवी ९७ असतो.

गोळीबंद: मेलाटोनिनचं राहू द्या आता. बोट गार नाही ना? हात चोळून पुन्हा मोजा, आणि तोवर डॉक्टरांना फोन लावा. दम लागतोय का, बोलताना वाक्य तुटतंय का, ते सांगा. कालची गोळी लपवू नका, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) तपासायचं का तेही विचारा. वॉरफरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पहाटतारा: मला तेव्हा दुसरं कुठलंच औषध चालू नव्हतं, हे मी आधी लिहायला हवं होतं.

अर्धीझोप: पुन्हा ९३च. जिना चढताना धाप लागत होती म्हणे, मला आत्ता सांगतायत. डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या. सगळ्या पट्ट्या पिशवीत टाकल्यात, निघतोय.

उडता_गालिचा: पश्चिमेकडे जाताना कोणी घेतलीय का?