चर्चची प्राथमिक शाळा, इंदूर : दोन लाख कुठे घालावेत?

लोकमान्यनगरकर
मंडळी, आमच्या चर्चची पहिली ते पाचवी हिंदी माध्यमाची शाळा आहे. १४२ मुलं, मोठ्या बाई धरून पाच शिक्षिका, वेळ सकाळी ७.४५ ते १२.१५. बरीच मुलं ख्रिस्ती नाहीत, साधारण तिसरा हिस्सा मराठी घरांतला. चौथी-पाचवीतली निम्मी अडखळत वाचतात, आणि पाचवीची परीक्षा आता बोर्डाच्या धर्तीवर होते. पास्टोरेट कमिटीकडे (चर्चचा कारभार पाहणारी समिती) दोन लाख जमलेत, बहुतेकांना दोन स्मार्ट बोर्ड हवेत. तुमचं मत?

खडूडस्टर
बोर्ड राहू द्या, आधी घड्याळाचा हिशेब करा. २७० मिनिटांतून प्रार्थना-हजेरी २०, बायबलचा तास ३० आणि डब्याची सुट्टी २५ वजा केली की उरतात १९५. दोनशे दिवसांचे झाले ६५० तास. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० तास आहेत. थंडीत शाळा उशिरा भरवायचा आदेश निघाला की आणखी गळती. शाळा १ वाजता सोडली तर रोजचे नेमके चार तास भरतात.

ती वाढीव ४५ मिनिटं फक्त वाचनाला द्या आणि तेवढ्या वेळापुरत्या तिसरी ते पाचवी या इयत्ता मोडा. गट करायचे ते अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळीवर. अक्षरांचा गट सगळ्यात लहान ठेवा आणि सगळ्यात अनुभवी बाईंकडे द्या. होतं नेमकं उलटं, तो नव्या बाईंच्या गळ्यात पडतो. दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलं वर सरकवा, नाहीतर तो कायमचा ‘ढ’ गट होतो. गटांना फुलांची नावं दिलीत तरी पोरांना सगळं कळतं.

जुनी_पाटी
सहमत, पण गट पाडायची चाचणी वर्गशिक्षिकेने घेऊ नये. एका वेळी एकच मूल, चार मिनिटं. सगळी १४२ मुलं धरली तरी साडेनऊ तास लागतात, दोघींना दोन सकाळी पुरतात. अनोळखी परिच्छेद द्या, मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजा, मग तीन प्रश्न विचारा. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणित अभियानाचं लक्ष्य तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासकट.

मराठी घरातलं मूल ‘जल’मधला ज आपल्या ‘जग’सारखा म्हणेल. ती वाचनाची चूक धरू नका. ‘मेरा पुस्तक’ लिहिलं तर मात्र थांबा: आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत ते स्त्रीलिंगी. नुसता लाल फराटा मारून हे सुटत नाही, दोन्ही भाषा शेजारी मांडून सांगावं लागतं. दर शनिवारी प्रत्येक वर्गाच्या कोणत्याही पाच वह्या उचला आणि चुकीखाली मुलाने स्वतः दुरुस्ती केली आहे का, एवढंच पाहा. ‘गुड’ची सही मोजू नका.

टाकीवाला
मोठ्या बाईंकडे वर्ग असेल तर त्या ऑफिसात गेल्या की एक वर्ग मोकाट. दोन लाखांतून अर्धवेळ कारकून ठेवा.

दुसरं पाणी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. दिवसभराच्या शाळेला डोईमागे ४५ लिटरचं मानक आहे. सकाळच्या शाळेला २० धरले तरी दोन दिवसांचे ५६८० होतात. हजार लिटरची टाकी असेल तर मधल्या सुट्टीनंतर संडास कोरडे, आणि मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

खडूडस्टर
बायबलच्या तासाचं राहिलं. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. प्रवेश अर्जासोबत संमतीचा वेगळा कागद हिंदीत ठेवा आणि हा तास सुरुवातीला किंवा शेवटी घ्या. न बसणाऱ्यांना त्या वेळी वाचनकोपरा द्या, व्हरांड्यात उभं करू नका.

लोकमान्यनगरकर
रविवारी उपासनेनंतर बैठक आहे, वेळापत्रकाचा हिशेब आधी मांडतो. चाचणीचे परिच्छेद कुठून घ्यावेत?

जुनी_पाटी
शाळेत न लावलेल्या प्रकाशनाचं, एक इयत्ता खालचं पुस्तक घ्या. पहिला धडा टाळा, तो बहुतेकांना तोंडपाठ असतो. प्रत्येक पातळीचे तीन वेगवेगळे नमुने ठेवा, नाहीतर आत गेलेलं पोर बाहेर येऊन रांगेला गोष्ट सांगून टाकतं.