एकच जागा, दुसरा ऋतू: कॅमेरा घेऊन परत गेलेल्यांनी लिहा

धागाकर्ती, कोथरूड

बेस्ट फोटोंचे धागे उदंड झालेत, हा तसला नाही. एकाच जागी वेगळ्या सीझनला परत गेलात आणि भलतंच काहीतरी दिसलं, किंवा हात हलवत परत आलात, तर ते लिहा. पक्षी, प्राणी, किल्ले, देवळं काहीही चालेल. मोबाईलवरचंही चालेल.

माझ्यापासून सुरू करते. जानेवारीत भिगवण, म्हणजे उजनी धरणाचा काठ, सगळे जातात तसंच, पहाटे चारला निघून कुंभारगावातून होडी. पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) भरपूर, पण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नुसते लांबवर ठिपके. होडीवाले दादा म्हणाले, ताई घाई केलीत, पाणी उतरू द्या, चिखल उघडा पडला की हे जवळ येतात. उजनीचं पाणी उन्हाळ्याकडे कमी होत जातं आणि रोहितांना चरायला उथळ पाण्यातला चिखलच लागतो, हे साधं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग वेळ होता म्हणून तसेच पुढे पळसदेवला गेलो. काठावरून बघितलं तर धरणाच्या पाण्यातून देवळाच्या शिखराचा शेंडा तेवढा वर, आणि त्यावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. फोटो बरा आला.

मे महिन्यात परत गेले. त्या वर्षी पाणी फारच खाली गेलेलं आणि ते देऊळ अख्खं बाहेर! भेगा पडलेल्या गाळातून चालत गेलो, दगडांवर शिंपले चिकटलेले, खांबांवर पाण्याच्या पातळीच्या रेघा, बाहेर ४० च्या वर टेंपरेचर आणि आत मात्र ओला वास. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. तिथे एक आजोबा भेटले, आमचं घर त्या तिथं होतं म्हणून हात करून दाखवत होते. मी त्या दिशेचा फोटो काढला. त्यात काही नाही, गाळ आणि एक टिटवी. जानेवारीचा पाणकावळा सगळ्यांना आवडतो, मला हा जास्त आवडतो.

हडपसरकर

कवडीपाट, नदीकाठ. घरापासून जवळ म्हणून दर थंडीत जातो. चक्रवाक (नारिंगी बदकं) येतात, शिवाय शेकाट्या, धोबी, तुतारी असे काठावरचे पक्षी. आणि मुठेतून आलेलं अख्ख्या पुण्याचं थर्माकोल. पहिली दोन वर्षं कचरा फ्रेमच्या बाहेर ठेवायची कसरत करायचो, पोटावर झोपून वगैरे. आता ठेवतो आत. तसंही क्रॉप केला की चक्रवाकच अर्धा कापला जायचा.

सिंहगड रोडवाली

माझा अनुभव थोडा लाजिरवाणा आहे पण लिहिते. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत आतकरवाडीच्या बाजूला थंडीत गेलं की निलांग वगैरे छोटे पक्षी मिळतात आणि उन्हाळ्यात लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक, तर एका एप्रिलमध्ये मला तो पांढरा नर हवाच होता (काही नर तांबूस असतात, काही पांढरे, मादीला लांब शेपूट नसते) आणि तीन रविवार गेले तरी नीट बसेना, मग ग्रुपमधल्या एकाने मोबाईलवर त्याचा आवाज लावला आणि तो आला, अगदी समोर, मी धडाधड शंभर एक फ्रेम मारल्या. घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक फोटोत चोच उघडी आणि अंग फुगवलेलं, म्हणजे तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय समजून भांडायला आला होता. ऐन विणीच्या दिवसांत! त्यातला एक फोटो टाकला होता, लाईक बरेच आले, नंतर काढून टाकला. आता घरटं दिसलं तर ग्रुपवर सांगतसुद्धा नाही.

सदाशिव पेठ, निवृत्त

भुलेश्वर. यवतजवळ, पुण्याहून साधारण ५० किलोमीटर. यादवकालीन देऊळ, मूर्ती अप्रतिम आणि बऱ्याचशा फोडलेल्या. स्त्रीरूपातला गणपती तिथे आहे, माझ्या सौभाग्यवतींनी तो शोधला, मी समोरून दोनदा गेलो होतो.

श्रावणात गेलो ही चूक. रांग, घंटा, ओले पाय, आत मिट्ट काळोख. ट्रायपॉड उघडल्याबरोबर परवानगी आहे का म्हणून विचारणा झाली. नव्हती. (फ्लॅश मारू नका, कोरीवकाम सपाट दिसतं.) डिसेंबरात परत गेलो, सोबत नातू. भिंतीला खांदा टेकवून, श्वास रोखून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ३२०० वर नेऊन काढले आणि बाजूने येणाऱ्या कवडशात एकेक चेहरा उठून दिसला. नातवाला मूर्तींत रस नव्हता, तो बाहेर माळावर घिरट्या घालणारे भोवत्ये (शिकारी पक्षी) बघत होता. त्याचे फोटो माझ्यापेक्षा चांगले आलेत हे इथे नमूद करतो.

माळरानी

सुपे, सासवडच्या पलीकडचा पट्टा. दोनच गोष्टी. मार्चनंतर सकाळी नऊच्या पुढे लांबचा फोटो काढू नका, जमीन तापली की हवा थरथरते आणि सहाशे एमएमच्या लांबच्या लेन्सने काढलेली चिंकारासुद्धा (छोटं हरीण) पाण्यात बुडाल्यासारखी येते, मी लेन्स बिघडली म्हणून दुकानात नेली होती. दुसरं, लांडगा मला बारा फेऱ्यांत एकदाच दिसला, जुलैत, गवत नुकतं हिरवं, धनगराच्या मेंढ्यांच्या मागे आरामात चालत. कॅमेरा गाडीत. मेंढपाळ म्हणाले, "रोजचाच हाय तो."

लेन्सला बुरशी क्लब

माळरानी, तुमची निदान धडधाकट तरी होती. मी अख्खा पावसाळा लोहगड केला, विंचूकाट्यावरून (गडाची लांब चिंचोळी माची) धुकं सरकतं ते पाहिजे होतं. घरी आलो की ओली बॅग तशीच कपाटात. दिवाळीला लेन्स काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. रिपेअरवाल्याने नव्या लेन्सच्या निम्मे पैसे घेतले आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच. आता किराणा दुकानातला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा, ५० च्या खाली राहिला की झालं. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत आला, राजगड आणि शिवनेरीसोबत. रविवारी तर आता धुक्यातसुद्धा माणसंच दिसतात, मधल्या वारी जा.

मोबाईलवाला

राजमाची, काजवे. मे संपता संपता, पाऊस लागायच्या जरा आधी. मोबाईलवर काही म्हणजे काही आलं नाही, काळा चौकोन. कॅमेरेवाले तीस तीस सेकंदांचे फोटो एकावर एक चढवतात म्हणे, म्हणून नेटवर दिसतो तसा सडा डोळ्यांना दिसत नाही, डोळ्यांना दिसतं ते वेगळंच, अख्खं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं. मधेच कोणीतरी हेडटॉर्च लावला. ते चमकून मादीला बोलावत असतात ना, टॉर्च पडला की त्या बाजूचं झाड गप्पच झालं. शिव्या मात्र सगळीकडून आल्या.

डिसेंबरात त्याच जागी गेलो, श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले स्वच्छ दिसले. ते झाड कुठलं ते काही सापडलं नाही.

धागाकर्ती, कोथरूड

मोबाईलवाला, मलाही दिवसा सापडलं नव्हतं! आणि आजोबा, नातवाचे भोवत्ये टाका की इथे. अजून एक, यंदा पळसदेवचं देऊळ बाहेर आलं का कोणी बघितलंय? मागच्या शनिवारी सोलापूर रोडने जाताना शिखर दिसल्यासारखं वाटलं पण नवरा गाडी थांबवेना.