लॉबिंगचा हिशोब निकालानंतर कळून काय उपयोग?

हेवर्डकर:
२०२३ साली कॅलिफोर्नियातल्या जातिभेदबंदीच्या एसबी ४०३ या विधेयकावरून आपल्यात किती जुंपली होती, आठवत असेल. विधेयक सप्टेंबरच्या सुरुवातीला विधिमंडळात पास झालं आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते फेटाळलं. आता नियम बघा. लॉबिंगचे, म्हणजे पैसे खर्चून आमदार-अधिकाऱ्यांवर प्रभाव टाकण्याच्या कामाचे, अहवाल तिमाही असतात आणि जुलै ते सप्टेंबरचा अहवाल द्यायला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत. म्हणजे कुणी किती पैसा ओतला हे समजायच्या आत विषय संपलेला. शिवाय अहवालात विधेयकाचा नुसता क्रमांक. बाजूने की विरोधात, याचा पत्ता नाही. एकेका विधेयकावर किती खर्च, तेही नाही. माझं मत: अधिवेशनाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला अहवाल हवा, भूमिकेसकट.

खतावणी:
दर आठवड्याला! कधी भरलेत का हे फॉर्म? मी एका छोट्या संस्थेचे हिशोब बघते. तिमाही संपली की संचालकांचं कॅलेंडर उघडून बसायचं: या मंगळवारी आमदारांच्या स्टाफशी बोलणं झालं ते विधेयकाबद्दल की नुसती ओळखपाळख? कामाच्या वेळेचा तिसरा हिस्सा अशा थेट बोलण्यात गेला तर पगारी माणूस लॉबिस्ट ठरतो. मग नोंदणी, नीतिनियमांचा कोर्स, पाच वर्षं पावत्या जपणं. आणि ऑडिट चिठ्ठ्या टाकून, कायद्याने चारात एक शक्यता. मोठ्या फर्मकडे त्यासाठी वकील असतात. आमच्याकडे मी आहे, तीही अर्धवेळ.

सॅनहोजेचा नागपूरकर:
खतावणीताई, त्रास मान्य. पण हे नियम आभाळातून पडले नाहीत. आर्टी सॅमिश नावाचा लॉबिस्ट १९४९ मध्ये 'कॉलियर्स' मासिकासाठी मांडीवर बाहुला घेऊन फोटोला बसला. बाहुल्याचं नाव काय, तर 'मिस्टर लेजिस्लेचर'! बहाद्दर शेवटी अडकला कुठे? लाचेत नाही, आयकर चुकवण्यात. १९७४ च्या प्रॉपोझिशन ९ ने, म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या कायद्याने, लॉबिस्टकडून अधिकाऱ्याला मिळणारी भेट महिन्याला १० डॉलरवर आणली, आणि ऑडिटचं काम दिलं राज्याच्या करखात्याकडेच. पुढे गव्हर्नर झालेले जेरी ब्राऊन तेव्हा म्हणायचे, दोन हॅम्बर्गर आणि एक कोक, बास. आजही मर्यादा तेवढीच आहे. आता त्यात दोन हॅम्बर्गर बसतात का ते राजधानी सॅक्रामेंटोवाल्यांनी सांगावं.

खतावणी:
बसत नाहीत. पण मुद्दा तो नाही. एसबी ४०३ साठी दोन्ही बाजूंची साधी माणसं सुट्टी काढून साक्ष द्यायला आली होती. उद्या त्यांनाही रजिस्टर करायला लावणार का?

हेवर्डकर:
तसं कोण म्हणतंय? स्वखर्चाने बोलायला गेलेला नागरिक लॉबिस्ट ठरत नाही. संस्थेने वाजवी प्रवासखर्च दिला तरी तेवढ्याने तो मोबदला ठरत नाही. उगाच लोकांना घाबरवू नका.

पुण्याहून वाचक:
तुम्ही तिमाही-आठवड्यावर भांडताय, इथे भारतात मुळात लॉबिंगचा कायदाच नाही. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगखर्चावरून संसदेत गोंधळ झाला, तो खर्च कळला कुठून? अमेरिकी संसदेत कंपनीने स्वतः भरलेल्या अहवालांतून. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुद्गल यांची चौकशी नेमली. तेव्हाचे खासदार कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंग उघड करायचं खासगी विधेयक आणलं, त्याचा कायदा काही झाला नाही. आपल्या सरकारदरबारी कोण काय पेरतं हे वॉशिंग्टनच्या कागदांतून वाचायचं, याची मला तरी लाज वाटते. उशिरा का होईना, तुम्हाला कागद मिळतो.

सॅनहोजेचा नागपूरकर:
कागद मिळतो म्हणून खूश राहायचं? ऑडिट होईपर्यंत तर संबंधित आमदार दुसऱ्या पदावर गेलेला असतो. चिठ्ठीपेक्षा खर्चाच्या आकड्यावर ऑडिट लावा. सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्या पन्नास जणांचं दरवर्षी, न चुकता.

खतावणी:
हे पटलं. दरमहा अहवालालाही मी तयार आहे, पण छोट्यांना सूट द्या. आज लॉबिस्ट न नेमताही तिमाहीत ५,००० डॉलर खर्चले की अहवाल भरावा लागतो. ती मर्यादा २५,००० करा.

हेवर्डकर:
आणि मग एकाच कंपनीचे पैसे सहा 'नागरिक मंचां'मधून चोवीस-चोवीस हजारांनी येतील. सूट द्यायची तर मूळ पैसा कुणाचा हे लिहिण्याच्या अटीवर. ते लिहायला तुमची हरकत आहे का?