मदत हवी आहे: यूसीपी२ चे जोडीदार कसे पकडायचे?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात पीएचडी करतेय. मानवी हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) यूसीपी२ हे मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या, आतल्या पटलातलं प्रथिन इतर कोणत्या प्रथिनांना चिकटतं ते शोधायचंय. त्याच कुटुंबातलं यूसीपी१ तपकिरी चरबीत उष्णता निर्माण करतं हे पक्कं आहे, पण यूसीपी२ च्या कामावर अजून वाद आहेत. म्हणून त्याचे सोबती कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

अडचण अशी की अँटिबॉडीने ओढून काढलं तर यूसीपी२ च्या वजनाचा, ३३ किलोडाल्टनजवळ पट्टा येतो, पण यूसीपी२ चा जीन दाबलेल्या पेशींतही तो तसाच! बहुधा एडीपी-एटीपी वाहक (दुसरंच एक प्रथिन) पकडला जातोय. त्याचं वजन जवळपास तेवढंच आणि तो मायटोकॉन्ड्रियात भरपूर. शिवाय यूसीपी२ तासाभरात निम्मं नष्ट होतं.

आता यूसीपी२ ला टर्बोआयडी (शेजारच्या प्रथिनांवर बायोटिनची खूण करणारं एन्झाइम) जोडायचा विचार आहे, १० मिनिटांत खूण होते. पण या प्रथिनाची दोन्ही टोकं दोन पटलांमधल्या जागेत असतात. मग मॅट्रिक्समधले (मायटोकॉन्ड्रियाच्या सर्वांत आतल्या भागातले) जोडीदार निसटतील ना? मॅट्रिक्सकडच्या लूपमध्ये टॅग घालून कोणी पाहिलंय का? पटल विरघळवायला डिजिटोनिन (एक डिटर्जंट) किती वापरता?

पाषाण-औंध भागात कोणाकडे यूसीपी२ नॉकआउट (तो जीन पूर्ण निकामी केलेल्या) पेशी असतील तर कृपया सांगा, ड्राय आइसचा डबा घेऊन मी स्वतः येईन.