न हरता इटली कतारबाहेर: नियम वाईट की इटली?

ऑफसाइड आबा: कतारच्या २०२२ फुटबॉल वर्ल्डकपच्या पात्रतेचा युरोपातला क गट आठवतोय? इटली, स्वित्झर्लंड, उत्तर आयर्लंड, बल्गेरिया, लिथुआनिया. इटली ८ सामन्यांत एकदाही हरली नाही, फक्त २ गोल खाल्ले. तरी १६ गुणांवर दुसरी. स्वित्झर्लंड १८ गुणांनी थेट आत, आणि युरो विजेती इटली प्लेऑफला, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या बाद सामन्यांना. तिथे पालेर्मोत उत्तर मॅसेडोनियाकडून ०-१. गटातून एकालाच थेट जागा हा नियमच चुकीचा आहे. दक्षिण अमेरिकेत दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळायचे, १८ सामने, वरचे चार थेट. तिथे एखादा वाईट दिवस पचतो.

डावा बॅक: आबा, एक वाईट दिवस? चार बरोबऱ्या आहेत! फ्लोरेन्समध्ये बल्गेरियाशी १-१, तेही किएझाने सोळाव्या मिनिटाला आघाडी दिल्यावर. बाझेलला स्वित्झर्लंडशी जोर्जिन्योची पेनल्टी त्यांचा गोलकीपर झोमरने अडवली, ०-०. रोममध्ये त्याच स्विसांशी १-१ असताना ९०व्या मिनिटाला पुन्हा पेनल्टी, पुन्हा जोर्जिन्यो, आणि चेंडू बारवरून थेट प्रेक्षकांत. दोन्हीपैकी एक जरी आत गेली असती तरी गट १८-१७ असा इटलीचा होता. यात नियमाने काय केलं?

ऑफसाइड आबा: तेच म्हणतोय मी. एका किकवर चार वर्षांचा हिशेब?

रात्रपाळी: मग स्विसांचाही हिशेब लावा की. बेलफास्टला त्यांच्या सेफेरोविचची पेनल्टी उत्तर आयर्लंडचा गोलकीपर पीकॉक-फॅरेलने अडवली होती, तोही सामना ०-०. शिवाय इटलीविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्यांचा कॅप्टन जाका नव्हता, आधी कोविड, मग दुखापत. त्यांचा कोच याकिन ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला. रडायचं तर त्यांनी रडावं.

ऑफसाइड आबा: शेवटचा दिवस बघा. दोघांचे १५ गुण, गोलफरकात इटली दोनने पुढे. इटलीला बेलफास्टला जायचं आणि स्विसांना घरी लुत्सर्नला बल्गेरिया, ज्यांचं आव्हान कधीच संपलेलं. हाफटाइमला तिथेही ०-० होतं हो! मग बल्गेरियाने चार खाल्ले. वेळापत्रकच वाकडं.

डावा बॅक: उत्तर आयर्लंडचं तरी काय शिल्लक होतं? पण बेलफास्टच्या विंडसर पार्कवर त्यांनी या गटातल्या चार सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. कुणालाच नाही करू दिला, ०-० करताना इटलीला काय वेगळं वागवायचं? खरं तर या गटात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. तळाला लिथुआनिया, वर दोन मोठे, आणि मधे हे लोक शांतपणे दार लावून बसलेले.

कॉर्नर फ्लॅग: आबांच्या बाजूने एक मुद्दा. गट ठीक आहे, प्लेऑफ नाही. इटली आणि पोर्तुगाल प्लेऑफच्या एकाच फाट्यात टाकले, ज्यातून एकच संघ वर्ल्डकपला जाणार; म्हणजे दोघांपैकी एक तरी बाहेर हे सोडतीतच ठरलं. त्यात एकच सामना. पालेर्मोत इटलीने गोलच्या दिशेने ३२ फटके मारले आणि मॅसेडोनियाच्या त्राइकोव्स्कीने ९०+२ला लांबून एक मारला. खल्लास. दोन लेग, म्हणजे घरी एक आणि बाहेर एक सामना असता, तर इटली निघाली असती.

रात्रपाळी: दोन लेग दिले होते की, २०१७ मध्ये, आधीच्या वर्ल्डकपच्या प्लेऑफला, स्वीडनविरुद्ध. १८० मिनिटांत शून्य गोल.

कॉर्नर फ्लॅग: ते तेव्हाचा कोच व्हेंतुराचं पाप, पालेर्मोतल्या कोच माँचिनीच्या माथी मारू नका.

डावा बॅक: कोच बदलला, फॉरवर्ड कुठे बदलले? इम्मोबिले तेव्हाही होता, पालेर्मोतही होता.