पावसात मॅट क्लिअर मारला, सी हॉक विमानाच्या मॉडेलच्या पंखावर पांढरी झाक आली

खाडीकाठ, देवगड:
नमस्कार मंडळी. सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेटचं १/७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) मॉडेल करतोय, जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरच्या ३०० स्क्वाड्रनचं. डिसेंबर १९७१ मध्ये याच सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, तेव्हा माझे काका विक्रांतच्या डेकवर कामाला होते. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, मॉडेल त्यांच्या हातात द्यायचं आहे. रंग झाला, चकचकीत ग्लॉसच्या थरावर डेकल (चिकटवायची चिन्हं) बसल्या, पॅनेलच्या रेषांत इनॅमलचा वॉश, म्हणजे पातळ गडद रंग, भरला. काल दुपारी पावसाने उघडीप दिली म्हणून पडवीत मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, पारदर्शक लॅकरचा स्प्रे मारला. पाच मिनिटांत डाव्या पंखावर, मुळापासून निम्म्यापर्यंत, पिठाचा हात लागावा तशी झाक चढली. पुसून जात नाही. उजवा पंख अजून कोरा आहे. डबी बदलू? की पाण्याने पातळ होणारी ॲक्रिलिक मॅट घेऊ?

कुडाळचा पेंटर:
डबीचा दोष नाही, हवेचा आहे. थिनर झपाट्याने उडतो, तसा पृष्ठभाग गार पडतो. मग हवेतली ओल त्यावर बसते आणि थर सुकताना आत अडकते. गाड्या रंगवताना आम्ही याला ब्लश म्हणतो. पाऊस थांबला म्हणून हवा कोरडी होत नाही, उलट उघडीप पडली की जमीन वाफ सोडते. पडवीत तर नकोच.

पंख वाचेल. लॅकर थिनरमध्ये थोडा रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) घालून एअरब्रशने अगदी हलकं धुकं मार, थर सैल होऊन ओल निघून जाते. ओला थर मात्र पडू देऊ नकोस, खालचा वॉश आणि डेकल दोन्ही सुटतील. आधी पोटाखाली, जिथे दिसत नाही तिथे करून बघ. तोंडाला मास्क लाव.

भाट्ये:
वरच्याशी सहमत, पण एक विचारतो, डबी किती हलवली होतीस? मॅटपणा येतो तो लॅकरमधल्या बारीक भुकटीमुळे, बहुतेक सिलिका. ती तळाशी बसते. मी टामियाचा टीएस-८० हा मॅट स्प्रे वापरतो आणि घड्याळ लावून दोन मिनिटं हलवतो. नीट हलली नाही तर एकीकडे चमक राहते, दुसरीकडे राखेसारखे डाग, आणि हे डाग थिनरच्या धुक्याने जात नाहीत. त्यावर पातळ ग्लॉस देऊन मॅट पुन्हा मारावा लागतो.

ॲक्रिलिक मॅट पावसात पांढरी पडायची भीती कमी, पण सुकायला फार वेळ घेते. मी पूर्ण दिवस हात लावत नाही. एअरब्रशच्या कंप्रेसरचा पाणी अडवणारा ट्रॅप दर थोड्या वेळाने रिकामा कर. गेल्या आषाढात माझा राहिला आणि पाण्याचा थेंब थेट कॉकपिटच्या काचेशेजारी पडला. काचेला मास्किंग कर, तिच्यावर मॅट गेला तर ती धुरकट होते.

आणि माझं मत विचारशील तर १/७२ ला पूर्ण मॅट नकोच. गडद करडा रंग खडूसारखा फिका दिसतो. सॅटिन, म्हणजे अर्ध्या चमकीचं, घे.

खाडीकाठ, देवगड:
डबी जेमतेम अर्धा मिनिट हलवली असेन. पण झाक सलग दुधाळ आहे, डाग नाहीत. आज पोटाखाली रिटार्डरचं धुकं मारून बघितलं, चाकाच्या झाकणाजवळची झाक गेली, वॉश जागेवर आहे. उद्या पंख. उजव्या पंखासकट बाकीचं विमान डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, सगळं एकदम सॅटिनने पुरं करतो. पेंटरदादा, रिटार्डर थिनरच्या किती घालता, दहात एक?

कुडाळचा पेंटर:
दहात एक पुष्कळ. त्याहून जास्त घातलास तर थर आठवडाभर चिकट राहील.