मदत हवी आहे : परदेशी पेशंट, पण एजंटांशिवाय

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं सांधेरोपणाचं छोटं हॉस्पिटल आहे, एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनासह. ओमान, केनियाहून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी विचारणा होते, पण बहुतेक एजंटांमार्फत. ते बिलावर टक्केवारी मागतात. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत बसत नाही, आणि तो बोजा शेवटी पेशंटवरच पडतो. आम्हाला ते नको आहे.

व्हिसासाठीचं पत्र, सोबतच्या दोघांचा अटेंडंट व्हिसा, परदेशी पेशंट दाखल झाल्याची 24 तासांत सरकारला द्यायची माहिती, एवढं जमतं. अडतं पुढे. परवा एका आजींचा एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर आला, ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो. त्यावरून खर्चाचा पक्का आकडा कसा सांगायचा? आणि घरी परतल्यावर फिजिओथेरपी कोण करून घेणार, जखमेत जंतुसंसर्ग झालाच तर कोण बघणार? मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

मस्कत किंवा नैरोबीतल्या डॉक्टरांशी कुणी फॉलोअपची व्यवस्था लावली आहे का? लेखी काय ठरवलंत? शिवाय अरबी आणि स्वाहिली दुभाषी हवेत. इथे शिकणारी परदेशी मुलं आहेत, पण संमतीपत्र समजावायला वैद्यकीय शब्द जाणणारं माणूसच लागतं. कुणी माहितीत असेल तर कृपया कळवा.